शिवभारतांतील जन्मशक आणि रायगडचा शिलालेख

महाड तालुक्यांत रायगडावर जगदीश्वराच्या देवालयास जो संस्कृत शिलालेख आहे, त्यांत शक अंकांनीं दिलेला नाहीं. षट्, नव, बाण, भूमि या शब्दांनीं दिला आहे. बाण मदनाचे पांच, भूमि एक. अंकांची गति वाम, या संकेतानें शके १५९६ निघतो. कोणी सरळ वाचील तर ६९५१ होतील व चूक तेथेंच उघडी पडेल.

शेजारीं पोलादपुरास ज्याची समाधि दाखवितात, त्या कवींद्र परमानंदानें शिवभारतांत श्रीशिवछत्रपतींचा जन्मशक याच रीतीनें सांगितला आहे : भू, बाण, प्राण, चंद्र. हा अंक उलट वाचा कीं सुलट, १५५१ च. तेव्हां वाचनाच्या दिशेवरून या पाठाची परीक्षा होतच नाहीं. दिवेकरांची १९२७ ची आवृत्ति हातीं धरणारानें हें ध्यानांत ठेवावें.

परीक्षा होते ती संवत्सरानें. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी राहील तो प्रभवादि क्रम. १५५१ ला बाकी ३ राहते. तिसरा संवत्सर शुक्ल, आणि कवीनेंही शुक्लच म्हटला आहे. शके १५४९ ची जी दुसरी परंपरा, तिला प्रभव येतो. म्हणजे तो पक्ष घेणारास परमानंदाचे अंकशब्दच नव्हेत, तर संवत्सराचें नांवही खोटें ठरवावें लागतें. जेधे शकावलींत १५५१ च्या फाल्गुन वद्य ३ स शुक्रवार आहे, व जुन्या पद्धतीच्या १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शुक्रवारच येतो.

तथापि सर्व भार संवत्सरावर टाकणें बरें नव्हे. रायगडच्या १५९६ चे शेवटचे दोन अंक उलटून १५६९ झाले, तर फरक २७. आनंद संवत्सर जुळत नाहीं. अशा उलटापालटींत फरक नवाच्या पटींत व ८१ च्या आंतच राहतो, त्यास साठानें निःशेष भाग जाणें शक्य नाहीं. पण मधले दोन उलटून १९५६ झाले, तर फरक ३६०, साठाची सहापट. आनंद तो आनंदच! शिवभारताच्या एखाद्या नकलेंत ‘प्राण’ चा ‘पाणि’ झाला असता, तर १२५१ होऊन संवत्सर पुन्हां शुक्लच आला असता, आणि अनुष्टुभ्‌ही मोडला नसता. येथें इतिहास आपणांस सांवरतो. ज्या अप्रसिद्ध पोथीस दुसरें साधन नाहीं, तिची गोष्ट निराळी; तेथें तिथिवारच पाहिला पाहिजे.

वारही जपून घ्यावा. राज्याभिषेकास शकावली शुक्रवार देते, आणि ६ जून १६७४ ला तर शनिवार येतो. यांत विरोध नाहीं. तीन घटका रात्र उरली असतां महाराज सिंहासनीं बसले, असें शकावलीच सांगते. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटें. आपला वार सूर्योदयीं पालटतो, इंग्रजांचा मध्यरात्रीं.

पोथ्यांच्या पुष्पिका उतरतांना शब्द गाळून नुसता अंक मांडण्याची जी चाल आहे, ती याकरितां सोडावी. रस कोठें सहा, कोठें नऊ. सागर कोठें चार, कोठें सात. नकलकारानें अंकच लिहून पाठविला, म्हणजे त्यानें कोणता अर्थ धरला हें ताडून पाहण्याची सोयच राहत नाहीं.