खलनायक नसलेली गोष्ट

यासुजिरो ओझूच्या 'टोकियो स्टोरी'ला (१९५३) आता कुणाच्या शिफारशीची गरज उरलेली नाही. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने २०१२ साली जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा तो पहिल्या क्रमांकावर आला. पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १९३७ साली, हॉलिवुडमध्ये निघालेल्या एका चित्रपटाचं नाव भल्याभल्या चित्रपटवेड्यांनाही चटकन आठवत नाही. लिओ मॅकेरीचा 'मेक वे फॉर टुमारो'. 'टोकियो स्टोरी'चा सहलेखक कोगो नोदा याने तो पाहिला होता आणि ओझूच्या चित्रपटाचं बीज तिथून आलं, असं सांगितलं जातं. ते खरं धरलं तरी ओझूचं मोठेपण कमी होत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. म्हातारपण आणि मुलं या विषयावर जितके चित्रपट मी पाहिले, त्यांत मॅकेरीचा हा दीड तासाचा चित्रपट सर्वांत प्रामाणिक आहे, आणि आपल्याकडे या गोष्टीचे जे अनेक अवतार झाले त्यांच्याशेजारी ठेवून पाहिला की हा प्रामाणिकपणा किती महाग पडतो ते कळतं.

गोष्ट चार ओळींची आहे. बार्क आणि लूसी कूपर यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली आहेत. बार्कची नोकरी गेलेली, कर्ज थकलेलं, घर बँकेकडे चाललेलं. पाच मुलांपैकी कुणाच्याही घरात दोघांना एकत्र ठेवायला जागा नाही, म्हणून 'तूर्तास' आई न्यूयॉर्कमध्ये थोरल्या जॉर्जकडे आणि वडील कोराकडे, दुसऱ्या गावी. तूर्तास हा शब्द पुढे कुणी उच्चारतही नाही. शेवटी बार्कला हवापालटाच्या नावाखाली कॅलिफोर्नियाला दुसऱ्या मुलीकडे पाठवायचं ठरतं, आणि लूसी वृद्धाश्रमात जाणार असते. निघण्यापूर्वी दोघांना न्यूयॉर्कमध्ये पाच तास एकत्र मिळतात. बस.

काळ लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ साली झाला, पण दरमहा मिळणारं निवृत्तिवेतन प्रत्यक्ष हातात पडायला १९४० साल उजाडलं. कूपर जोडपं नेमकं या फटीत सापडलेलं आहे. मंदीने होतं नव्हतं ते नेलं आणि सरकारचा आधार अजून यायचा आहे. जोसेफिन लॉरेन्सच्या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट या अर्थाने आपल्या काळाचा दस्तऐवजही आहे. पण मॅकेरी त्यावर भाषण देत नाही. तो थेट बैठकीच्या खोलीत शिरतो.

मॅकेरी मूळचा विनोदाचा माणूस. लॉरेल आणि हार्डी ही जोडी जमवण्यात त्याचा मोठा वाटा होता आणि मार्क्स बंधूंचा 'डक सूप' (१९३३) त्याचाच. एखाद्या प्रसंगातला अवघडलेपणा किती ताणला की हसू फुटतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इथे तो तेच कसब वापरतो, फक्त हसू फुटल्यावरही थांबत नाही.

ब्रिजचा प्रसंग घ्या. जॉर्जची बायको अनिता घरी ब्रिजच्या शिकवण्या घेते, घरखर्चाला तेवढाच हातभार. खोलीत चारचारांची टेबलं मांडलेली, माणसं नटूनथटून आलेली, आणि मधोमध सासूबाई झुलत्या खुर्चीत. खुर्ची कुरकुरते. प्रत्येक झोक्याला कुरकुरते. शिकवणी घेणारीचं लक्ष उडतं, खेळणाऱ्यांचं उडतं, आपल्याला हसू येतं. थोड्या वेळाने बार्कचा फोन येतो. लूसीला फोनवर बोलायची सवय नाही, ती मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच बोलते. आधी पाहुणे एकमेकांकडे बघून गालात हसतात. मग ती विचारते, गरम कपडे घालतोस ना, नीट जेवतोस ना, आणि आपल्याला त्याची किती आठवण येते ते सांगते. कॅमेरा तिच्या पाठीशी उभा राहून पाहुण्यांचे चेहरे दाखवतो. हसू विरतं, माना खाली जातात. फोन ठेवल्यावर कुणालाच पत्ते उचलवत नाहीत. एका प्रसंगात आपण कुरकुरणाऱ्या म्हातारीला वैतागलेले असतो, आणि त्याच प्रसंगात त्या वैतागाची लाज वाटू लागते. दिग्दर्शकाने आपल्याला खोलीतल्या पाहुण्यांच्या रांगेत बसवलेलं असतं.

वडिलांच्या बाजूला असाच एक प्रसंग आहे. बार्कचा चष्मा फुटलाय, म्हणून लूसीचं पत्र तो आपल्या दुकानदार मित्राकडे, रुबेन्सकडे, वाचून घ्यायला नेतो. रुबेन्स मोठ्याने वाचू लागतो आणि मजकूर इतका खासगी होत जातो की त्याचा आवाज अडखळतो. बार्क निघून गेल्यावर तो आत हाक मारून आपल्या बायकोला बाहेर बोलावतो. काम काहीच नाही. ती समोर आहे, एवढंच त्याला बघायचं असतं. हिंदी चित्रपटात इथे एक गाणं आलं असतं. मॅकेरीला अर्धं मिनिट पुरतं.

आता मुख्य मुद्दा. या चित्रपटात वाईट माणूस नाही. कोरा तेवढी तोंडाने फटकळ आहे, तिचं पात्र थोडं ठोकळेबाज झालंय हे मान्य करायला हवं. पण जॉर्ज आणि अनिता आपल्यासारखीच आहेत. घर लहान, आजीला नातीच्या खोलीत झोपवावं लागतं, त्यामुळे नात मित्रमैत्रिणींना घरी आणेनाशी होते आणि बाहेर राहू लागते. आजीला त्याचा सुगावा असतो, पण ती ते सुनेला सांगत नाही, आणि यातून व्हायचं ते होतं. अनिताचा संताप ऐकताना तिचं चुकतंय असं म्हणवत नाही. आईवडीलही काही संतमूर्ती नाहीत. बँकेने सहा महिन्यांची मुदत दिलेली असताना ते मुलांना सांगतात अगदी शेवटच्या दिवसांत. बार्क हेकट आहे, तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरला दाद देत नाही. मॅकेरी प्रत्येकाच्या बाजूने एक एक पुरावा मांडत जातो आणि निकाल मात्र देत नाही.

जॉर्जला आईला वृद्धाश्रमाबद्दल सांगायचं असतं. धीर गोळा करून तो बसतो. पण आश्रमाचं पत्र तिच्या नजरेला आधीच पडलेलं असतं. मुलाला ते तोंडातून काढावं लागू नये म्हणून तीच आधी बोलते, मीच तिथे जाईन म्हणते, आणि तू माझा सर्वांत लाडका, हेही सांगून टाकते. फक्त तिच्या नवऱ्याला हे कळता कामा नये, एवढी अट. ज्याची मान शरमेने खाली जायला हवी त्याची मान तिने सावरली, आणि म्हणून ती आणखीच खाली गेली. ब्यूला बाँडीने हे काम केलं तेव्हा तिने पन्नाशीही गाठलेली नव्हती. तिच्या मुलाच्या भूमिकेतला थॉमस मिचेल तिच्याहून जेमतेम तीन-चार वर्षांनी धाकटा. पडद्यावर हे क्षणभरही जाणवत नाही.

या कथेची आपल्याकडची वंशावळ मोठी आहे, आणि बहुभाषिक वाचकाला ती आपापल्या भाषेतून आठवेल. राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस'मध्ये (१९५४) शाळामास्तर आणि त्यांची पत्नी मुलांमध्ये वाटले जातात. बी. आर. पंतुलू यांच्या कन्नड 'स्कूल मास्टर'ने (१९५८) हाच धागा घेतला आणि पुढे तो हिंदी, तमिळ, मल्याळम, तेलुगूत फिरला. मराठीत 'तू तिथे मी' (१९९८) आला. हिंदीत 'अवतार' (१९८३) आणि सर्वांत गाजलेला 'बागबान' (२००३). प्रत्येकाने आपल्या मातीतली भर घातली आणि 'ऊन पाऊस', 'तू तिथे मी' यांच्याबद्दल मला आपुलकी आहे. पण या परंपरेला, विशेषतः 'बागबान'पर्यंत येता येता, दोन गोष्टींची सवय लागली. एक, मुलं आणि सुना दुष्ट असतात. दोन, पोटची मुलं उलटली तरी कुणीतरी धावून येतं, जुना विद्यार्थी नाहीतर पाळलेला अनाथ मुलगा. 'बागबान'मध्ये वडिलांचं पुस्तक गाजतं, ते व्यासपीठावरून बोलतात आणि मुलांना माफ करायला नकार देतात.

हे लोकांना का आवडतं ते मला कळतं. प्रेक्षागृहात बसलेल्या आईवडिलांसाठी ते एक न्यायालय असतं, जिथे एकदा तरी निकाल त्यांच्या बाजूने लागतो. पण तिथेच बसलेल्या मुलांचं काय होतं? तीही डोळे पुसतात आणि निर्धास्त घरी जातात, कारण इतकी नीच तर आपण नाहीच. खलनायक असला की प्रेक्षक सुटतो. मॅकेरीच्या चित्रपटातून सुटायला दार नाही. जॉर्जपेक्षा आपण बरे आहोत असं छातीवर हात ठेवून म्हणणारा मुलगा मला तरी भेटलेला नाही. भारतात २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. तो हवाच होता. पण झुलत्या खुर्चीच्या कुरकुरण्यावर कोणता कायदा लागू करणार?

आपल्याकडे मॅकेरीच्या जवळ जाणारी कलाकृती मला चित्रपटात दिसत नाही, नाटकात दिसते. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले नाना-नानी मुलांची वाट बघत बसतात. त्या मुलांनी काही गुन्हा केलेला नाही, ती फक्त तिथे नाहीत. आपल्या मराठी प्रेक्षकाने ते नाटक पचवलं. याचा अर्थ, खलनायकाशिवाय ही गोष्ट इथे चालणार नाही, ही समजूत चित्रपटवाल्यांचीच असावी.

चित्रपटाचा शेवटचा अर्धा तास मात्र कशाशीच तुलना होऊ नये असा आहे. पाच तास हातात असलेलं म्हातारं जोडपं शहरात भटकतं. मोटार विकणारा एक माणूस त्यांना गिऱ्हाईक समजून नव्या गाडीतून फिरवतो, आणि खरा प्रकार कळल्यावरही कडू होत नाही. पन्नास वर्षांपूर्वी मधुचंद्राला ज्या हॉटेलात उतरले होते तिथे व्यवस्थापक त्यांचं आगतस्वागत करतो. दोघं नाचायला उठतात तर वाजंत्री जलद ताल धरते. वाद्यवृंदाचा प्रमुख ते बघतो आणि हळूच वॉल्ट्झ सुरू करतो. सगळे परके त्यांच्याशी इतके चांगले वागतात की डोळे भरून येतात. मग लक्षात येतं की परक्यांना चांगुलपणा परवडतो. तो पाच मिनिटांचा असतो. मुलांकडे मागितला जातो तो आयुष्यभराचा. मॅकेरी हे कुठेही बोलून दाखवत नाही, पण अर्धा तास त्याने याच पायावर उभारलाय.

त्याच हॉटेलात टेबलाशी बसलेले असताना बार्क लूसीचं चुंबन घ्यायला झुकतो. तीही झुकते, आणि तेवढ्यात तिची नजर कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, वळते. ती संकोचून मागे सरते. इतका वेळ आपण त्यांच्या खोल्यांत, पत्रांत, फोनवरच्या बोलण्यात बिनदिक्कत डोकावत होतो. तिने आता ते ओळखलं.

तिकडे मुलीच्या घरी पाचातली चार मुलं जेवायला थांबलेली असतात. बार्क फोन करून येत नाही म्हणून कळवतो. स्टेशनवर जायची वेळ जॉर्ज मुद्दाम टळू देतो, दोघांना एकमेकांचा निरोप एकांतात घेता यावा म्हणून. आपण गेलो नाही तर ते आपल्याला भयंकर समजतील, असं कुणीतरी म्हणतं. आपण तसे नाही का, असा त्याचा उलट प्रश्न. फलाटावर बार्क बायकोला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारून, समजा पुन्हा भेट झालीच नाही तर, असं म्हणत निरोप घेतो. दोघांनाही माहीत आहे. दोघंही 'समजा' म्हणतात. गाडी जाते. लूसी काही क्षण तिथेच उभी राहते आणि मग वळते.

पॅरामाउंटचा प्रमुख अडॉल्फ झुकर याला हा शेवट गोड करून हवा होता. मॅकेरीने ऐकलं नाही. चित्रपट पडला आणि पॅरामाउंटशी त्याचा संबंध तुटला. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीसाठी केलेल्या 'द ऑफुल ट्रुथ' या झकास विनोदी चित्रपटाने त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवून दिलं. ते घेताना, तुम्ही ते चुकीच्या चित्रपटाला दिलंत, असं तो म्हणाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत 'मेक वे फॉर टुमारो'ला जागा मिळायला २०१० साल यावं लागलं.

ओझूकडे परत येतो. 'टोकियो स्टोरी'त मृत्यू आहे, निसर्ग आहे, ओनोमिचीचं बंदर आहे, आणि काळाच्या ओघात सगळंच असं व्हायचं हा समजूतदार स्वीकार आहे. शिवाय नोरिको आहे. सेत्सुको हाराने साकारलेली ती विधवा सून सख्ख्या मुलांपेक्षा जास्त माया करते. ओझू तिलाही निव्वळ देवी करत नाही, तिच्याकडून तिच्या मनातल्या पोकळीची कबुली घेतो, हे त्याचं थोरपण. तरीही नोरिको आहे म्हणून आपल्याला श्वास घेता येतो. मॅकेरीने नोरिको दिली नाही, अनाथ मुलगा दिला नाही, मृत्यूची सुटकादेखील दिली नाही. दोन माणसं जिवंत आहेत, एकमेकांवर प्रेम करतात, आणि देशाच्या दोन टोकांना राहणार आहेत. कारण घरात जागा नाही. माझ्या यादीत ओझू वरच आहे. फक्त त्याच्याही वर एक नाव आहे, आणि ज्यांनी 'टोकियो स्टोरी' पाहिलाय त्यांनी तरी ते पाहायला हवं.