व्रणांसह उठलेला प्रभू आणि आपले ईस्टर-लेखन

ईस्टरच्या निमित्ताने आपल्या नियतकालिकांतून दरवर्षी जे लेखन प्रसिद्ध होते, त्याचा एक ठरावीक साचा बनून गेला आहे. रिकामी कबर, बाजूला सारलेली धोंड, पांढरी लिली, वसंताची चाहूल, कोषातून बाहेर पडणारे फुलपाखरू आणि अखेरीस आलेलुयाचा गजर. यांतील एकही प्रतिमा असत्य नाही. परंतु हा सारा संच ज्या हवामानात जन्मला, तेथे या दिवसांत बर्फ वितळून जमिनीतून पहिला कोंब वर येतो. वरोऱ्यात ईस्टर येतो तो मार्चअखेर ते एप्रिलअखेर. त्या वेळी पारा चाळिशी ओलांडण्याच्या बेतात असतो, विहिरी तळ गाठू लागतात आणि उपासनेहून परतणारी माणसे डोक्यावर पदर किंवा दुपट्टा ओढून सावलीच्या कडेकडेने घरी जातात. अशा वेळी आमचा लेखक लिलीविषयी लिहितो. ही लिली वरोऱ्यातील कोणत्या अंगणात फुलते, ते आम्हांस अद्याप कोणी दाखविलेले नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा प्रारंभ मात्र असा उसनवारीने झालेला नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. मराठीची थोरवी सांगताना या परदेशी धर्मगुरूला आपल्या मायदेशीची फुले आठवली नाहीत. मोगरा, कस्तुरी, मोर आणि कल्पतरू आठवले. नवख्रिस्ती श्रोत्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी कानाला ओळखीचे काही हवे होते, ही गरज त्यांनी ओळखली व ओवीचा आश्रय घेतला. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने जे औचित्य पाळले, ते आज मराठी मातेच्या पोटी जन्मलेल्या लेखकाने पाळू नये, याचे नवल वाटते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हाच काळ मोहफुलांचा असतो. रात्रभर गळलेली फुले ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात, म्हणून बाया अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालची जमीन मोकळी व्हावी यासाठी तेथला पालापाचोळा बहुधा आधी जाळून टाकलेला असतो. काळ्या राखेवर पिवळसर फुले पडलेली दिसतात. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अंधार असतानाच, कबरेकडे निघालेल्या मारिया माग्दालेनाचे चित्र याहून अधिक जवळून कोठे पाहावयास मिळणार? तरीही आमच्या वाचनात आलेल्या ईस्टर-कवितांमध्ये मोहाचे झाड एकदाही आलेले नाही. मोहाची दारू होते म्हणून ते झाड कवितेतून हद्दपार झाले असावे, अशी शंका मनात येते. द्राक्षांचीही दारू होते, हे कवी सोयीस्करपणे विसरतात.

पण झाडाफुलांची ही तक्रार तशी किरकोळ आहे. या लेखनाचा मोठा दोष निराळाच आहे. त्यातला पुनरुत्थित प्रभू निर्व्रण असतो. संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात सांगतो की, दारे बंद असताना प्रभू शिष्यांमध्ये येऊन उभा राहिला, त्याने त्यांना शांतीचा आशीर्वाद दिला आणि लगेच आपले हात व आपली कूस दाखविली. ओळख पटविण्यासाठी त्याच्यापाशी तेजोवलय नव्हते. खिळ्यांच्या खुणा होत्या. मरणावर जय मिळविलेल्या देहावर त्या खुणा का राहाव्यात? जो उठू शकतो, तो व्रण पुसू शकला नसता काय? हा प्रश्न आमच्या ईस्टर-लेखकांना पडत नाही. आणि तो पडत नाही म्हणूनच त्यांचे लेख दुसऱ्याच आठवड्यात शिळे होतात.

आम्हा चांदा धर्मप्रांतातील लोकांना तर हा प्रश्न अधिक लवकर सुचावयास हवा होता. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि १९७७ साली पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळालेल्या या क्षेत्राची उपासना-परंपरा केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेची, म्हणजे संत थोमाचा वारसा सांगणारी आहे. ईस्टरनंतरच्या रविवारास त्या परंपरेत 'नवा रविवार' म्हणतात आणि त्या दिवशी थोमाच्या श्रद्धा-उद्गाराचे स्मरण करतात. प्रवचनांत व लेखांत मात्र थोमा येतो तो केवळ संशयखोर म्हणून, मुलांना दटावण्यापुरता. व्रणांना हात लावल्यावाचून प्रभूला ओळखण्यास नकार देणारा हा एकमेव शिष्य, हे त्याचे वैशिष्ट्य कोणी विचारातच घेत नाही.

वरोऱ्यात राहून या उताऱ्याचे वाचन करणाऱ्यास आनंदवन टाळता येत नाही. मुरलीधर देवीदास उपाख्य बाबा आमटे हे या गावचे वकील आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष. कुष्ठरोगाने झडलेला, पावसात पडलेला तुळशीराम पाहून ते आधी भीतीने पळाले आणि मग परत फिरले, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर खडकाळ माळावर आनंदवनाचे काम सुरू झाले. बाबांना मरणोत्तर बाप्तिस्मा देण्याचा आमचा मुळीच विचार नाही. तसे करणे त्यांच्याशी आणि सत्याशीही अप्रामाणिकपणाचे ठरेल. आम्हांस येथे त्यांच्या 'ज्वाला आणि फुले' या १९६४ सालच्या संग्रहापुरते बोलावयाचे आहे. त्यातील भाषा आवेगाची आहे. काही ठिकाणी ती काव्य सोडून वक्तृत्वाकडे झुकते, आणि मोठ्या शब्दांची रांग लागली की वाचक दमतो. तथापि एका बाबतीत हा संग्रह आपल्या साऱ्या ईस्टर-विशेषांकांना मागे टाकतो. त्यातला झिजलेला देह दयेची भीक मागत नाही. तो कामाला लागतो. व्यंग झाकून ठेवून त्या देहाचे गौरवगान करण्याची या कवीला गरज भासत नाही.

एका वैद्यकीय वस्तुस्थितीकडे येथे लक्ष वेधणे अवश्य आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केल्यापासून कुष्ठरोग पूर्णपणे बरा होतो. जंतू मरतात, संसर्ग थांबतो. परंतु गळालेली बोटे परत येत नाहीत. माणूस बरा झालेला असतो आणि खुणा राहिलेल्या असतात. घरची माणसे त्या खुणांकडे पाहून दार लावून घेतात. योहानाच्या विसाव्या अध्यायावर याहून समर्पक भाष्य आम्हांस कोणत्याही टीकाग्रंथात आढळलेले नाही.

मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने खंगलेले फादर दामियन १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, निवर्तले. त्या वर्षी ईस्टर २१ एप्रिलला होता. २००९ साली त्यांना संतपद मिळाले. आपले लेखक त्यांचे नाव घेतात ते उपवासकाळात, त्याग व दानधर्म यांच्या ओघात. ईस्टरच्या अंकात त्यांना जागा नसते. हीच विभागणी कुटुंबांतही दिसते. चाळीस दिवस दर शुक्रवारी क्रुसाची वाट होते, दानपेटी भरते, रुग्णांना भेटी दिल्या जातात. पुढचे पन्नास दिवस लग्ने, प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकार आणि उन्हाळी सुट्टी यांत सरतात. जणू जखमी माणसे उपवासकाळापुरतीच जखमी असतात.

आणि हा केवळ साहित्याचा प्रश्न नाही. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे जोडीदाराला सोडण्याचे एक कारण म्हणून नमूद होते. ते २०१९ सालच्या दुरुस्तीने वगळले गेले. आमच्या जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही आढळतात. औषधाचा क्रम पुरा करून घरी परतलेली सून पुन्हा चुलीपाशी बसू लागली का, शेजारच्या बाईने तिच्या हातचा चहा घेतला का, एवढे जरी कोणी नाव-गाव गाळून साध्या मराठीत लिहून पाठविले, तरी पुढील ईस्टर अंकाच्या संपादकांनी ते पहिल्या पानावर घ्यावे, आणि मुखपृष्ठावरची लिली एक वर्ष विश्रांतीस पाठवावी.