पानिपतोत्तर कादंबरी आणि श्रद्धेचा पुरावा

संशोधनाच्या त्रैमासिकांत कादंबरीचा परामर्श घेणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु येथें झरी जामणीस आमच्याकडील जुने कागद पाहावयास जी तरुण मंडळी येते, ती पानिपत शिकून आलेली असते तें बखरींतून नव्हे, कादंबऱ्यांतून. तेव्हां ज्या ग्रंथांनीं लोकांच्या मनांतला इतिहास घडविला, त्यांस पुराव्याच्या कसोटीस लावणें हें आम्ही संशोधकाचेंच काम समजतों.

प्रश्न एकच आहे. पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, म्हणजे ता. १४ जानेवारी १७६१, या दिवशीं जे शस्त्रधारी नव्हते असे कारकून, यात्रेकरू, बायकामुलें रणाच्या तोंडीं सांपडलीं. त्यांतून जीं तरुण माणसें वांचलीं त्यांच्या देवावरील विश्वासाचें पुढें काय झालें? कै. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) पराभवानंतरच्या पुण्याची आहे खरी, पण तिचा नायक सोळाव्या वर्षीं पेशवाईचीं वस्त्रें मिळालेला राज्यकर्ता. माधवरावांच्या जपानुष्ठानावरून रामशास्त्र्यांनीं त्यांची कानउघाडणी केल्याची कथा ग्रँट डफनेंही दिली आहे. ती राजधर्माची कथा होय, आमच्या प्रश्नाचें उत्तर तींत नाहीं. श्री. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) मध्यें भर मोहिमेवर व संग्रामावर आहे.

उत्तर ज्या कागदांत आहे तो मात्र सर्वांच्या परिचयाचा आहे. नाना फडणीस १७४२ मध्यें जन्मला. युद्धाच्या दिवशीं त्याला एकोणिसावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें. हातीं वंशपरंपरेची लेखणी, बरोबर आई व पत्नी, मनांत गंगास्नानाचा हेतु. आई हरपली, पत्नी पुढें भेटली, आणि तो स्वतः अंगावरचीं वस्त्रें टाकून पायीं, उपाशी, झाडपाला खात वांचला. हें सर्व त्यानें आत्मचरित्रांत लिहून ठेविलें, आणि मेजर ब्रिग्जनें तें इंग्रजींतही नेलें. या आत्मचरित्राचा आरंभ रणानें होत नाहीं. आरंभीं ईश्वरस्वरूप आणि माया यांचा विचार आहे. मग मूर्तिपूजेची बाळपणची ओढ, वासनेपुढें झालेली स्वतःची फजिती, पश्चात्ताप. संग्राहक हीं पानें मंगलाचरण म्हणून उलटून टाकितात व थेट पळापळीवर येतात. कादंबरीकारही तेंच करितो. त्याला नाना हवा असतो तो साडेतीन शहाण्यांतील अर्धा, खलबतांतला.

येथें कोणी म्हणेल कीं हें लेखन घटनेनंतरचें. प्रौढाचा वेदान्त तरुणाच्या तोंडीं घातलेला आहे. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु वेदान्ताचा मुलामा द्यावयाचा असता तर भूक, भय आणि वासना यांची अशी उघड कबुली लेखकानें कशाला ठेविली असती? पराभवानें श्रद्धा समूळ उडाली किंवा एकाएकीं उजळली, अशीं दोनच चित्रें कादंबऱ्यांतून दिसतात. नानाच्या पानांवर ती मलिन, लाजलेली, तरीही न सुटणारी अशी आहे. एवढा पुरावा असतां कल्पनेचा आश्रय घेण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

पार्वतीबाईंची गोष्ट निराळी. भाऊसाहेबांच्या पश्चात् त्यांनीं वैधव्य पत्करलें नाहीं, हें प्रसिद्ध आहे. तोतयास १७७६ मध्यें देहान्त शासन झालें, हेंही. परंतु त्या माउलीच्या मनांत काय होतें याचा कागद नाहीं. कै. ना. सं. इनामदार यांनीं ‘शिकस्त’ (१९८३) मध्यें रणाऐवजीं हीच स्त्री मध्यभागीं आणिली, तो त्यांचा अधिकार होता आणि निवडही उत्तम. ज्यांस ही प्रतीक्षा केवळ भ्रम वाटते त्यांनीं मात्र कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (१६१२) उघडावा. परागंदा झालेल्याची बारा वर्षें वाट पाहून मग पर्णशरदाह करावा, असा विधि धर्मशास्त्रांत आहे. म्हणजे वाट पाहणें हें शास्त्रबाह्य वेड नव्हे. शास्त्रानें त्यास मुदत घालून दिली होती. खरा पेंच मुदत संपल्यावरचा आहे. शके १६९४ अखेर बारा वर्षें सरलीं. त्यानंतरही कुंकू न पुसणारी स्त्री शास्त्राविरुद्ध उभी राहते कीं शास्त्राच्या पलीकडे? पार्वतीबाईंवर पुढें जो कोणी लिहील त्यानें ही तिथि दृष्टीआड करूं नये. तोतयाच्या प्रकरणाहून अधिक नाट्य तींत आहे.

आमच्या तालुक्याशेजारींच पांढरकवड्याच्या परिसरांत एप्रिल १८१८ मध्यें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची इंग्रजांनीं दाणादाण केली. ‘मंत्रावेगळा’ (१९६९) मध्यें इनामदारांनीं त्या पेशव्यास न्याय देण्याचा यत्न केला. परंतु ज्यांच्या शेतांवरून त्या फौजा गेल्या त्या कुणबी, गोंड, कोलाम तरुणांचें काय? त्यांनीं कोणत्या देवास काय बोलिलें, हें सांगावयास कोणी नाना नव्हता. कागद नाहीं म्हणून श्रद्धा नव्हती असें होत नाहीं. कादंबरीकाराचें खरें क्षेत्र येथें आहे.

तथापि कागद अजिबात नसतील असेंही आम्ही धरून चालत नाहीं. वणी-केळापूर भागांतील देशमुख, देशपांडे व पाटील घराण्यांच्या रुमालांत त्या सालचा नवसाचा, प्रायश्चित्ताचा किंवा देवळाच्या जमाखर्चाचा एखादा बंद असल्यास संग्राहकांनीं तो त्रैमासिकाकडे अवश्य धाडावा. मोडी असल्यास बाळबोध नक्कल आम्ही स्वतः करून देऊं आणि अस्सल जसाच्या तसा परत करूं.