एका शब्दावरचा भार

रोमकरांस पत्रातले ५:१२ हे वचन आपण पाहू. पौलाच्या ग्रीक ‘एफ हो’चा सरळ अर्थ ‘कारण’: सर्वांनी पाप केले, म्हणून मृत्यू सर्वांपर्यंत पोचला. लॅटिनमध्ये त्याचे ‘इन क्वो’ झाले. ऑगस्टिनने ते ‘ज्याच्यात’, म्हणजे आदामात, असे वाचले; मग तान्हे मूलही दोषी ठरले. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाचे काय, हा आईबापांच्या जिवाला घोर! इरॅस्मसने या वाचनावर आक्षेप घेतला, तरी १५४६मध्ये ट्रेंटच्या परिषदेने लॅटिन पाठच आधाराला घेतला. मग चूक सुधारली की आदिपापाचा सिद्धान्त कोसळतो का? नाही हो, ऑगस्टिनचे इतर आधार उरतातच. पण त्या बाळाला दोषी म्हणायचे, तर आपल्याला युक्तिवाद करावा लागेल. या शब्दाआड लपता येणार नाही.