शिक्षाकपातीचा हक्क की कृपा? : अमेरिकी फेडरल शिक्षानिश्चितीची चिकित्सा

अमेरिकेत १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने क्रॅक आणि कोकेनची भुकटी यांच्यात १०० : १ असे प्रमाण ठरवून दिले. पाच वर्षांच्या किमान अनिवार्य शिक्षेसाठी भुकटी ५०० ग्रॅम लागे. क्रॅक अवघे ५ ग्रॅम पुरे होई. वस्तुतः दोन्ही एकाच द्रव्याची रूपे. मात्र क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी होती. १९८७ पासून लागू झालेल्या शिक्षानिश्चितीच्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच प्रमाण उतरले आणि नव्या गुन्ह्यांपुरता फेडरल पॅरोलही संपुष्टात आला. पुढे नियम सौम्य झाले. आधीच शिक्षा भोगत असलेल्या कैद्यास या सौम्यतेचा लाभ कोणत्या भूमिकेतून दिला जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२००७ साली शिक्षानिश्चिती आयोगाने क्रॅकच्या गुन्ह्यांची पातळी दोन अंकांनी खाली आणली व मार्च २००८ पासून या दुरुस्तीस पूर्वलक्षी प्रभाव दिला. या संदर्भात डिलन खटला विशेष बोलका आहे. १९९३ मध्ये दोषी ठरलेल्या डिलन यास ३२२ महिन्यांची शिक्षा झाली. ती आपल्या मते अधिक आहे, परंतु कोष्टकाने आपले हात बांधलेले आहेत, असे शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांनीच त्या वेळी म्हटले होते. २००५ च्या बुकर निर्णयाने ते कोष्टक बंधनकारक न राहता केवळ सल्लादायी झाले. साहजिकच कपातीच्या अर्जात डिलनने संपूर्ण शिक्षेचा नव्याने विचार मागितला. मिळाली ती दोन अंकांची कपात : २७० महिने. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच योग्य ठरवले. ही कार्यवाही म्हणजे पुनर्शिक्षा नव्हे, तर काँग्रेसने दाखविलेली मर्यादित सवलत होय, असा न्यायमूर्ती सोटोमायॉर यांच्या बहुमतनिर्णयाचा आशय आहे.

निर्णयांना अंतिमता हवी, हा या भूमिकेमागील युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु अर्ज ऐकण्यासाठी जी फाइल एकदा उघडलीच आहे, तिच्यातील एक चूक दुरुस्त करायची आणि न्यायाधीशाने स्वतः मान्य केलेली दुसरी तशीच ठेवायची, याचे समर्थन अंतिमतेच्या तत्त्वाने होत नाही. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे भिन्नमत म्हणूनच अधिक पटण्याजोगे वाटते.

त्याच वर्षी, २०१० मध्ये, कायद्याने प्रमाण १८ : १ वर आणले, पण पूर्वी शिक्षा झालेल्यांना वगळून. तारखेवरून कैद्यांची अशी विभागणी भारतीय वाचकास अपरिचित नाही. एनडीपीएस कायद्यातील २००१ च्या दुरुस्तीचा लाभ प्रलंबित खटल्यांना मिळाला, प्रलंबित अपिलांना नाही. आणि २००४ मध्ये बशीर खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी वैध ठरवली.

अमेरिकेत जुन्या कैद्यांसाठी दार उघडले ते २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याने. तेथेही विसंगती उरलीच. टेरी याच्याजवळ चार ग्रॅमहून कमी क्रॅक सापडले होते; पूर्वीच्या गुन्ह्यांमुळे 'सराईत गुन्हेगार' ठरून त्यास १८८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या कलमाला किमान अनिवार्य शिक्षाच नव्हती, म्हणून २०१० च्या कायद्याने त्या कलमात काही बदल झाला नाही, म्हणून तो कपातीस पात्र नाही, असा एकमताचा निकाल २०२१ मध्ये लागला. कलमाचा शब्दार्थ पाहता निकाल चुकीचा म्हणता येत नाही. मोठ्या साठ्याच्या आरोपीला अर्जाची मुभा आणि लहान साठ्याच्या आरोपीला नकार, हा कायदेमंडळाच्या शब्दरचनेचा दोष आहे.

२०२२ च्या कॉन्सेप्सिऑन निर्णयाने चित्र काहीसे पालटले. फर्स्ट स्टेप कायद्याखालील अर्जात नंतरचे कायदेबदल आणि कैद्याचे तुरुंगातील वर्तन न्यायालय विचारात घेऊ शकते, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. हा निर्णयही सोटोमायॉर यांनीच लिहिला. शिक्षा कमी करण्याचे बंधन मात्र त्यातही नाही. शिवाय आयोगाच्या दुरुस्तीवर आधारलेल्या अर्जांना तो लागू होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने पूर्वगुन्ह्यांचे गुण शून्य असणाऱ्या अनेक कैद्यांना पूर्वलक्षी लाभ देऊ केला, १ फेब्रुवारी २०२४ पासून सुटकेची वाटही मोकळी केली; त्यांच्या अर्जांवरील निर्णय डिलन खटल्याने आखलेल्या चौकटीतच होतो.