ध्येयवाद फडताळात ठेवता येतो का?

मंडळी, आज विचारासाठी घेतलेलं पुस्तक आहे 'बॉईज इन व्हाइट'. ते १९६१ साली प्रसिद्ध झालं. हॉवर्ड बेकर, ब्लांश गीअर, एव्हरेट ह्यूझ आणि अन्सेल्म स्ट्रॉस हे त्याचे लेखक. समाजशास्त्रज्ञांचा हा गट अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसला, वॉर्डात फिरला, त्यांच्या मोकळ्या गप्पाही ऐकल्या. प्रश्न साधा होता. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलाचं कॉलेजात नेमकं काय होतं?

त्याआधी, १९५७ साली, रॉबर्ट मर्टन आणि सहकाऱ्यांचा 'द स्टुडंट-फिजिशियन' आला होता. त्यात विद्यार्थी म्हणजे घडत असलेला डॉक्टर, वरिष्ठांचा जणू धाकटा सहकारी. बेकर मंडळींना कॅन्ससमध्ये दिसला तो विद्यार्थीच. पहिल्या वर्षी तो ठरवतो, सगळं शिकायचं. थोड्याच दिवसांत कळतं, सगळं शिकणं अशक्य. मग तो शोधू लागतो, मास्तरांना काय हवंय? तेवढंच शिकू. बघा, यात कुणी लबाड नाही. अभ्यासाचा डोंगर आणि अपुरा वेळ, यावर मुलांनी मिळून काढलेली ती वाट आहे. मुलांना दोष न देता परिस्थितीकडे बोट दाखवणं, हा या पुस्तकाचा मोठा गुण आम्ही मानतो.

आमची अडचण पुढे आहे. बेकर आणि गीअर यांनी १९५८ च्या एका निबंधात मांडलं होतं, आणि पुस्तकातही तोच सूर आहे, की मुलांचा ध्येयवाद मरत नाही. शिक्षणाच्या काळात तो बाजूला पडतो आणि शेवटी, कॉलेज सोडायची वेळ आली की, जास्त जाणता होऊन परत येतो. म्हणजे ध्येयवाद फडताळात ठेवायचा, पदवी मिळाली की झटकून अंगावर घालायचा. हे खरंच होतं का?

ॲरिस्टॉटलचं म्हणणं आपण मागे पाहिलं आहे. सद्गुण ही जवळ बाळगायची वस्तू नसून सवयीने अंगी येणारी घडण आहे. तबला वाजवूनच माणूस तबलजी होतो, आणि चुकीचा हात बसतो तोही रियाजानेच. मग चार वर्षं जो रियाज झाला, तो कसला झाला?

याचं उत्तर खुद्द पुस्तकातच आहे. वॉर्डातली मुलं काही रुग्णांना 'क्रॉक' म्हणत. बेकरने अर्थ खोदून काढला. आजार मनाशी जोडलेला असला म्हणून कुणी क्रॉक होत नसे. पोटात खरा अल्सर असला की तो रुग्ण चालायचा. क्रॉक म्हणजे तक्रारी पुष्कळ, पण तपासणीत काहीच न सापडणारा माणूस. त्याच्याकडून नवीन शिकायला मिळत नाही, तो वेळ फार खातो, आणि त्याला बरं करून दाखवायची संधीही नसते. तीनही कारणं विद्यार्थ्याच्या बाजूची आहेत. म्हणजे समोरचा माणूस आपल्या किती उपयोगाचा, हे बघायची नजर रोजच्या रोज तयार होत होती. शेवटच्या वर्षी मुलं पुन्हा सेवेची भाषा बोलली असतील. भाषा परत आली, पण नजरेचं काय? पुस्तक कॉलेजच्या दाराशी थांबतं, तिच्या पुढच्या प्रवासाचा माग घेत नाही.

कुणी म्हणेल, परिस्थिती बदलली की वागणंही बदलेल. ठीक आहे, बेकरचाच सिद्धांत धरू. आपल्याकडे नवा डॉक्टर सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसतो तेव्हा बाहेर रांग लागलेली असते. तिथे वेळ आणखी कमी. मग त्याच सिद्धांतानुसार ध्येयवादाने परत यावं तरी कशाच्या जोरावर?

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. २०१९ पासून आपल्या एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा स्वतंत्र भाग आहे. आम्ही त्याचं स्वागतच करतो. पण नीतीसाठी तासिका राखून ठेवली म्हणजे वॉर्डातले उरलेले तास नीतीच्या बाहेरचे होत नाहीत. सकाळच्या राऊंडला सर खाटेपाशी उभे राहून म्हातारीचं बोलणं अर्ध्यावर तोडतात, आणि मागे उभी असलेली दहा मुलं ते बघतात. त्या दिवशीचा संवादाचा धडा तिथे होऊन गेला! दुपारच्या वर्गात त्यावर काहीही सांगा.

म्हणून पुस्तक जरूर वाचा, पण त्याच्या दिलाशावर विसंबू नका. ध्येयवाद परत येईल म्हणून वाट बघण्यापेक्षा, राऊंडला रुग्णाचं वाक्य पुरं होतं की नाही, हे कॉलेजांनी आधी बघावं. विद्यार्थ्याची परीक्षा घेतो तशी या एका गोष्टीत शिकवणाऱ्यांचीही घ्यावी, असं आमचं मत आहे.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.