चषकांची गणती आणि गुरूचे माप

खेळाच्या जगात मोठेपण मोजण्याचे एक सोपे माप आहे: चषक किती जिंकले? अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. त्याच्या प्रशिक्षकांविषयी लिहिणारे बहुधा हेच माप हाती घेतात. निक सेबन २०२४ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर सात राष्ट्रीय विजेतेपदे होती. म्हणून ते सर्वश्रेष्ठ, असा निवाडा झाला. त्यांचे कर्तृत्व आम्हीही मानतो. परंतु ते माप तपासून पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

या खेळात अनेक दशके राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरतच नसे. पत्रकारांची आणि प्रशिक्षकांची मते मोजून तो जाहीर होई. १९६६ साली नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाच्या संघाने मिशिगन स्टेटशी १०-१० अशी बरोबरी केली. अखेरच्या क्षणी धोका न पत्करता प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी वेळ संपू दिला. तरी मुकुट त्यांनाच मिळाला आणि त्या वर्षी एकही सामना न गमावलेला अलाबामा तिसऱ्या क्रमांकावर राहिला. १९७३ मध्ये प्रशिक्षकांच्या मतदानाने अखेरच्या सामन्यापूर्वीच अलाबामाला विजेता ठरवले. ३१ डिसेंबरला त्याच अलाबामाला नोटर डेमने २४-२३ असे हरवले. मुकुट मात्र परत गेला नाही. असे हे माप!

आणि ज्यांना या शर्यतीत कधी उभेच केले गेले नाही, त्यांचे काय? एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत लुइझियानातील ग्रँबलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात शिकवले. त्यांनी ४०८ सामने जिंकले. दोनशेहून अधिक शिष्य व्यावसायिक खेळात गेले. दक्षिणेतील मोठी विद्यापीठे कृष्णवर्णीय मुलांना संघात घेत नव्हती, त्या काळात ही मुले त्यांच्या हाताखाली घडली. वर्तमानपत्रांच्या राष्ट्रीय मुकुटाने त्यांना मोजायचे म्हटले, तर हाती शून्यच येईल.

मग चषक बाजूला ठेवून चारित्र्य मोजावे, असे कोणी म्हणेल. तेही वाटते तितके सोपे नाही. पेन स्टेटचे जो पॅटर्नो दोन राष्ट्रीय विजेतेपदांइतकेच सचोटीसाठी व विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी वाखाणले जात. २०११ साली त्यांच्या एका माजी साहाय्यकाने मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार उघड झाले. पॅटर्नो यांच्यावर आरोपपत्र नव्हते. परंतु तक्रार कानी आल्यावर त्यांनी ती वरिष्ठांना कळवली आणि तेवढ्यावरच ते थांबले. विद्यापीठाने त्यांना पदावरून दूर केले. २०१२ मध्ये त्यांचे १११ विजय नोंदवहीतून खोडण्यात आले. २०१५ मध्ये ते पुन्हा लिहिण्यात आले. या खोडण्या-लिहिण्याने त्या मुलांचे काय परत आले?

आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. चषक कौशल्याची साक्ष देतात आणि ती साक्ष खोटी नाही. पण ती अपुरी आहे. कीर्तीची साक्ष तर त्याहूनही अपुरी. प्रशिक्षकाच्या स्वाधीन इतरांची मुले केली जातात. ती त्याच्या सावलीत सुरक्षित राहिली काय, आणि शिटी वाजून मैदान रिकामे झाल्यावर माणूस म्हणून उभी राहिली काय, याचे उत्तर कोणत्याही कपाटात मांडून ठेवता येत नाही. म्हणूनच ते विचारण्याची जबाबदारी आम्हां लिहिणाऱ्यांवर येते. आणि ते त्या माणसाच्या हयातीतच, टाळ्या चालू असतानाच विचारले पाहिजे.